खुलासा : ‘टायटल वन, पार्ट डी’ म्हणजे गुन्हेगारांची चंगळ नव्हे

अमेरिकेत एक तक्रार वर्षानुवर्षं फिरते आहे: सरळमार्गी मुलांच्या शाळांचा पैसा काढून सरकार बालसुधारगृहातल्या गुन्हेगारांना शिकवतं. रोख असतो १९६५च्या शिक्षण कायद्यातल्या ‘टायटल वन, पार्ट डी’कडे, म्हणजे संस्थांत ठेवलेल्या मुलांच्या शिक्षणाला केंद्राचा निधी देणाऱ्या तरतुदीकडे.

मुळात यातली सगळीच मुलं गुन्हेगार नाहीत. आईबाप वारले, सोडून गेले किंवा त्यांनी आबाळ केली म्हणून संस्थेत आलेलीही त्यात मोडतात. शिवाय संस्थेतली शाळा या पैशावर चालतच नाही. बालसंस्थेत आठवड्याला किमान २० तास, प्रौढांच्या तुरुंगात १५ तास, हे शिकवणं केंद्राच्या निधीविना होत असेल तरच ते मूल या निधीसाठीच्या मोजणीत येतं. केंद्राचा पैसा फक्त वरची भर.

आणि भर तरी केवढी? २०२३ साली राज्यांच्या संस्थांसाठी सुमारे ४.९ कोटी डॉलर. गरीब मुलांच्या शाळांसाठीच्या नेहमीच्या टायटल वन अनुदानाला १,८०० कोटींहून जास्त. हजारात तीन डॉलरही भरत नाहीत! त्यातलेही १५ ते ३० टक्के, सुटल्यावर मूल पुन्हा शाळेत किंवा कामाला लागावं म्हणून राखून ठेवावे लागतात.

स्थानिक संस्थांचा हिस्सा टायटल वनच्या मोठ्या रकमेतूनच निघतो, एवढं मात्र खरं. पण तोही तिथल्या मुलांच्या मोजणीवरच ठरतो.