फायर वर्म म्हणायच्या आधी डोकं बघा

रात्री खाऱ्या पाण्याच्या टाकीतले दिवे गेल्यावर टॉर्च मारायचा, लाइव्ह रॉकच्या (जीवजंतू वसलेल्या समुद्री दगडाच्या) फटीत दोन्ही बाजूंना पांढरी कुसळं असलेला गुलाबी-राखाडी किडा दिसला की घाबरायचं, आणि सकाळी अख्खा रॉक गोड्या पाण्यात बुडवायचा. त्यात रॉकमधले उपयोगी जीवही मरतात. असे अनुभव वाचले की जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा तो साधा ब्रिसल वर्म असतो. उरलंसुरलं खाणं, मेलेलं मांस साफ करणारा.

घोळ नावापासूनच आहे. साधा ब्रिसल वर्म आणि कोरल (प्रवाळ) खाणारा फायर वर्म, दोघंही अँफिनोमिडी कुळातले, आणि या अख्ख्या कुळालाच फायर वर्म म्हणतात, कारण कुसळं रुतली की आग होते. म्हणजे बोटाची आग झाली यावरून काहीच ठरत नाही. लांबीवरून आणि अंगाच्या रंगावरूनही नाही.

कोरल खाणारा तो हर्मोडिस कॅरंक्युलाटा. त्याच्या डोक्यामागे कॅरंकल असतो: मांसल, चुण्याचुण्यांचा, ठळक तुरा. साध्या ब्रिसल वर्ममध्ये तो असला तरी इतका छोटा आणि सपाट, की शोधावा लागतो. मग कडा बघा. हर्मोडिसच्या प्रत्येक खंडावर पांढऱ्या कुसळांच्या बुडाशी कल्ल्यांचे दाट लाल-नारिंगी झुपके असतात. अंग जाड, चौकोनी. तो कोरलच्या फांदीचं टोक तोंडात घेतो आणि मागे नुसता पांढरा सांगाडा ठेवतो. शिवाय तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. रॉक इंडो-पॅसिफिकचा (हिंदी आणि प्रशांत महासागरांतला) असेल तर शक्यता फारच कमी.

मेलेल्या कोरलवर किडे सापडले म्हणून त्यांनीच मारलं असं धरू नका. माझ्या हॅमर कोरलचं (हातोडीसारख्या टोकांच्या प्रवाळाचं) मांस सुटत होतं, रात्री त्यावर सहा-सात ब्रिसल वर्म. मी त्यांनाच वेचत बसले. खरं तर पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेलायची क्षमता, कोरलला सांगाडा बांधायला ती लागते) घसरली होती, ती तपासली चार दिवसांनी. तोवर कोरलची दोन डोकी (फांद्यांवरचे जिवंत भाग) गेली.

ब्रिसल वर्म फार झाले तर खाणं कमी टाका. चिमट्याने ओढून तोडू नका, यातल्या काही जातींत तुकड्यातून नवा किडा वाढतो. कुसळं रुतली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा. हर्मोडिसच निघाला, तर मात्र दयामाया नको: हातमोजे घाला, लांब चिमट्याने अख्खा उचला, बाहेर काढा.