सिंधुदुर्गची ट्रिप, कोल्हापूरची गादी आणि ‘चाचे’ हा शब्द

कोल्हापुरातनं पहाटे निघायचं, राधानगरीवरनं फोंडा घाट उतरायचा, मालवणच्या धक्क्यावरनं होडीनं कुरटे बेट, किल्ला बघून सुरमईचं ताट आणि रात्री परत घरी. आपल्याकडं ही ट्रिप इतकी अंगवळणी पडलीय, तरी हा किल्ला एकेकाळी कोल्हापूर गादीचा होता हे होडीतल्या निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. १६६४ ला सुरू झालेलं बांधकाम, पायात ओतलेलं शिसं, अगदी जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा, चुन्यातला हाताचा ठसा, एवढं सगळ्यांना पाठ.

१७६५ ला इंग्रजांनी किल्ला घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं आणि पुढच्याच वर्षी पैसे ठरवून परत केला. कोल्हापूरचा कारभार तेव्हा राणीसाहेबांच्या हातात होता.

खरा घोळ कोल्हापूर आणि इंग्रजांच्या १८१२ च्या तहाचा. त्यात मालवण बंदर, किल्ला सगळंच इंग्रजांना गेलं आणि कारण काय तर म्हणे चाचेगिरी! इथं माझं डोकं फिरतं. आपल्या पाण्यात दस्तक म्हणजे परवाना घेऊन यायचं, नसेल तर गलबत जप्त, हा रिवाज होता. पोर्तुगीजही परवाने विकायचे, इंग्रजही पास द्यायचे, त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही आणि आमच्या खलाशांना इंग्रजी कागदात थेट ‘मालवान’, म्हणजे गावाचं नाव तीच शिवी. आता लूटमार झालीच नसेल असं नाही, पण जकात कुठं संपते आणि लूट कुठं सुरू होते हे ठरवायचं कुणी, ज्याच्या हातात कागद त्यानं?

तह केला ते चुकलं असंही सरळ म्हणवत नाही. घाटावर पुण्याच्या पेशव्यांशी कटकट चालूच होती, त्याच तहात चिकोडी-मनोळी या मुलखावरच्या हक्कावर पण पाणी सोडावं लागलं आणि बदल्यात बाहेरच्या हल्ल्यापासून संरक्षणाची हमी मिळाली. समुद्र देऊन गादी वाचवली म्हणा हवं तर.

हल्ली मालवण म्हटलं की तिथल्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळाच आठवतो, डिसेंबर २०२३ ला उभारला, ऑगस्ट २०२४ ला कोसळला. २०२५ ला जागतिक वारसा यादीत १२ किल्ले गेले, त्यात पन्हाळा आणि सिंधुदुर्ग दोन्ही. आणि सिंधुदुर्गावरच्या शिवराजेश्वराच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या देवळाला सभामंडप बांधून दिला तो कोल्हापूरच्या छत्रपतींनीच, किल्ला हातचा जाऊन नव्वदएक वर्षं उलटल्यावर.