लाल फिल्टर की इन्फ्रारेड? बंदराच्या काळ्या आकाशामागचा फरक

काळंकुट्ट आकाश, त्यावर लख्ख उठून दिसणारी क्रेन आणि खाली काळंभोर पाणी. बंदराचा असा कृष्णधवल फोटो दिसला की बघणारा लगेच म्हणतो, 'इन्फ्रारेडवर काढलाय', म्हणजे लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात. बऱ्याचदा तसं नसतं. साध्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर, म्हणजे दिसणारे सगळे रंग टिपणाऱ्या नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर, लेन्सपुढे लाल फिल्टर लावला, तरी निळ्या आकाशाचं असंच होतं. हा घोळ बंदराच्या फोटोंत जास्त होतो, कारण इन्फ्रारेडची सगळ्यात ठळक खूण म्हणजे पांढरी झालेली पानं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1910 साली अशी निसर्गचित्रं प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून पांढरी झाडं म्हणजे इन्फ्रारेड हे समीकरण पक्कं झालं. गोदीत मात्र झाडं जवळजवळ नसतातच. उरतं लोखंड, काँक्रीट, पाणी आणि आकाश, त्यामुळे फरक तिथेच शोधावा लागतो.

आधी मूळ गोष्ट. लाल फिल्टर म्हणजे 25 नंबरचा नेहमीचा. तो निळा आणि हिरवा प्रकाश अडवतो, साधारण 600 नॅनोमीटरच्या पुढचा येऊ देतो (हे तरंगलांबीचं माप, प्रकाशाचे पुढचे आकडेही यातच). पॅनक्रोमॅटिक फिल्मची नजर साडेसहाशेच्या आसपास संपत जाते. म्हणजे फोटो तयार होतो तो मधल्या एका अरुंद पट्टीत, आणि ती पट्टी आपल्या डोळ्यांनाही दिसते. इन्फ्रारेडचं काम याच्या पलीकडे सुरू होतं. आर-72 हा फिल्टर साधारण 720 च्या अलीकडचं सगळं कापतो आणि हातात धरला तर काळाच दिसतो. पलीकडचं टिपायला फिल्मही तशीच लागते. रोलाय इन्फ्रारेड 400 सुमारे 820 पर्यंत पाहते. इलफर्डची एसएफएक्स 200 फक्त 740 पर्यंत जाते. तिला इन्फ्रारेड म्हणण्यापेक्षा लालच्या थोडं पुढे पाहणारी फिल्म म्हणणं जास्त बरोबर. नेहमीच्या फिल्मवर आर-72 चढवलात, तर रोल जवळपास कोराच निघेल.

आता आकाश. हवेतले रेणू प्रकाश विखुरतात आणि तरंगलांबी वाढते तसं हे विखुरणं चौथ्या घाताने कमी होतं. निळ्या 450 च्या तुलनेत लाल 620 साधारण साडेतीन पट कमी विखुरतो, तर 750 चा इन्फ्रारेड साडेसात पटींच्या आसपास. म्हणजे आकाश काळं करण्याचं मोठं काम लाल फिल्टरनेच उरकलेलं असतं. इन्फ्रारेडने मिळतो तो आणखी साधारण एका स्टॉपचा, म्हणजे प्रकाश निम्मा होण्याइतका, काळेपणा. म्हणून नुसत्या काळ्या आकाशावरून निदान करू नये. दूरच्या सायलोवर (उंच कोठारावर) असलेल्या निळसर धुरकटपणाचंही तेच. दोन्ही पद्धती तो कापतात, इन्फ्रारेड जरा जास्त. दाट धुकं मात्र दोघांनाही हटत नाही, कारण पाण्याचे थेंब तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात आणि सगळाच प्रकाश सारखा विखुरतात. ढगाळ दिवशीही तेच: पांढरं आकाश पांढरंच राहतं, फिल्टर कितीही गडद असो. बर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याने 1959 पासून पाण्याच्या टाक्या, धान्याची कोठारं, खाणींचे मनोरे टिपले, ते मुद्दाम अशाच सपाट उजेडात, कारण त्यांना रचना हवी होती, आकाशाचं नाट्य नको होतं.

खरी गंमत रंगात आहे. बंदरातलं जवळजवळ सगळं लोखंड रंगवलेलं असतं, आणि लाल फिल्टर त्या रंगाशी सरळ वागतो. लाल कंटेनर फिकट पडतो, निळा काळा होतो, रेड ऑक्साइडचा हात मारलेला पत्रा उजळतो. गंजही वर येतो. (जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर याच्या बरोबर उलट व्हायचं. त्या फिल्मला लाल दिसतच नाही, म्हणून गंज काळा ठिक्कर.) फिल्टर डोळ्यांपुढे धरला की निकालाचा बराच अंदाज जागेवरच येतो.

इन्फ्रारेडमध्ये हा अंदाज कोसळतो, आणि प्रयोग करणाऱ्याला हवं असतं ते इथेच आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून तिथे काहीच ठरत नाही, ठरतं ते रंगातल्या रंगद्रव्यावरून. अल्ट्रामरीन निळा इन्फ्रारेडमध्ये चमकून उजळ होतो, प्रशियन निळा काळाच राहतो. शेजारी ठेवलेले दोन सारखे निळे पत्रे प्रिंटवर एक पांढरट आणि एक काळा असे उतरू शकतात. काजळीपासून केलेला काळा रंग काळाच राहतो, पण इतर द्रव्यं मिसळून केलेला काळा करडा पडू शकतो. क्रेनच्या पायाकडे पाहा. रिव्हेटच्या ओळीलगत कधीतरी डागडुजी झालेली असते आणि नवा हात जुन्या रंगाशी इतका जुळवलेला असतो की उन्हात कळत नाही. दोन डब्यांतली द्रव्यं वेगळी असली, तर इन्फ्रारेडवर तेच ठिगळ काठासकट उघडं पडतं. माझ्या मते औद्योगिक बंदरात इन्फ्रारेड फिल्म वापरण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. आकाशासाठी ती खर्च करू नये.

पाण्यातही भेद सापडतो. स्वच्छ पाणी दोन्हीकडे गडद, कारण त्यात गडद आकाशच उमटतं. पण धक्क्याजवळचं पाणी गढूळ असतं आणि त्यातला गाळ लाल प्रकाश परत फेकतो, त्यामुळे लाल फिल्टरने ते करडं येतं. इन्फ्रारेड पाण्यातच शोषला जातो, म्हणून तेच पाणी बरंच गडद उतरतं.

आणि ते स्वप्नाळू वलय? प्रखर कडांभोवती पसरणारी चमक ही इन्फ्रारेडची सही समजली जाते. ती कोडॅकच्या एचआयई या इन्फ्रारेड फिल्ममुळे रूढ झाली. त्या फिल्मला हॅलेशन रोखणारा थर नव्हता. प्रकाश फिल्मच्या पार जाऊन मागून परत यायचा आणि कडेभोवती सांडायचा. एचआयई 2007 साली बंद झाली. वलय आलं ते त्या थराच्या अभावामुळे, त्यामुळे ते नसलं म्हणजे फोटो इन्फ्रारेड नाही, असं म्हणता येत नाही.

वापरात दोघांची जात वेगळी आहे. लाल फिल्टरला तीन स्टॉप जास्त द्या, हातात कॅमेरा धरूनही काम होतं. आर-72 लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून जवळजवळ काहीच दिसत नाही. ट्रायपॉडवर चौकट आणि फोकस आधी ठरवायचा, मग फिल्टर चढवायचा. इन्फ्रारेड किरणांचा फोकस थोडा वेगळ्या जागी पडतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असते, नसेल तर एफ 11 पर्यंत बंद करून घ्यावं. लाइट मीटरवर भरवसा ठेवू नका, कारण मीटर आणि फिल्म एकाच प्रकाशाकडे सारख्या नजरेने पाहत नाहीत. 400 आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेचं माप) फिल्म 12 ते 25 धरून मोजायची आणि वर-खाली दोन-दोन एक्स्पोजर घ्यायची, हा बऱ्याच जणांचा रिवाज आहे.

तयार प्रिंटवरून ओळखायचं असेल, तर क्रेनच्या रुळांमधलं गवत शोधा. झाडं नसली तरी ते कुठेतरी उगवलेलं असतंच. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, म्हणून लाल फिल्टरने गवत गडद येतं. 700 च्या पुढे हाच कल एकदम उलटतो आणि इन्फ्रारेडमध्ये ते पांढरं होतं. एसएफएक्सचा एकच रोल घालून, ट्रायपॉड न हलवता, एक फ्रेम 25 ने आणि पुढच्या काही आर-72 ने वेगवेगळ्या एक्स्पोजरला घ्या. कॉन्टॅक्ट शीटवर (रोलमधल्या सगळ्या फ्रेम एकत्र छापलेल्या कागदावर) आधी गवत पाहा, मग निळे कंटेनर.