इंग्रजी कच्चं, की अडचण वेगळीच?

इंग्रजी शाळेत एखादं मूल वाचताना सारखं अडखळतं. तीन कामं सांगितली तर एकच करतं. घरी वेगळी भाषा असेल तर शिक्षकांना प्रश्न पडतो: इंग्रजी अजून आलेलं नाही, की डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली मूळचीच अडचण) किंवा भाषाविकासाचा विकार (कुठलीच भाषा सहज न येणं) आहे? दोन्ही एकदम असू शकतं, आणि अशा मुलांची आबाळ सर्वांत जास्त होते.

कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या काही मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीतून घेतली गेली आणि त्यांची रवानगी ‘मतिमंद’ मुलांच्या वर्गात झाली. पालक कोर्टात गेले. स्पॅनिशमधून चाचणी घेतल्यावर त्यांतल्या बहुतेकांचे गुण चांगलेच वाढले. १९७०च्या या ‘डायना’ खटल्यात तडजोड झाली आणि चाचणी घरच्या भाषेतूनही घ्यायची असं ठरलं. पण उलटी चूकही मुलांना महागात पडते. ‘इंग्रजी आलं की होईल सगळं ठीक’ असं म्हणता म्हणता उपचारांची मोलाची वर्षं निघून जातात.

जिम कमिन्स या अभ्यासकानं दाखवलं, की गप्पांपुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पण धड्यातलं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून मैदानावर घडाघडा बोलणारं मूल पुस्तकापुढे अडलं, तरी तेवढ्यावरून विकाराचा शिक्का मारू नये.

मग ओळखायचं कसं? भाषाविकासाचा विकार असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो. मूल बोलायला कधी लागलं, घडलेली गोष्ट सलग सांगतं का, भावंडांपेक्षा मागे होतं का, हे पालकांनाच विचारावं लागतं. दुसरी पद्धत मला फार मोलाची वाटते: आधी तपासायचं, मग शिकवायचं, मग पुन्हा तपासायचं. मुलाला चित्रांवरून गोष्ट सांगायला लावतात. मग गोष्टीत कोण आहे, काय अडलं, शेवटी काय झालं, हे मांडायला शिकवतात आणि नवी चित्रं देतात. जे मूल हे चटकन उचलतं, त्याला बहुधा आजवर संधीच मिळालेली नसते. ज्याला प्रत्येक वेळी तोच आधार लागतो, त्याची तज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्यावी.

अशा मुलांच्या पालकांना ‘घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला अजूनही दिला जातो. तो द्यायला नको. भाषाविकार असलेल्या फ्रेंच-इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तसाच विकार असलेल्या एकभाषिक मुलांपेक्षा त्यांचं व्याकरण कच्चं नव्हतं. डाउन सिंड्रोम (बौद्धिक वाढ मंदावणारी जन्मजात स्थिती) असलेल्या द्विभाषिक मुलांबाबतही असंच आढळलं आहे. घरची भाषा तोडली, तर मुलाचं आजी-आजोबांशी बोलणं मात्र नक्की तुटतं.

वर्गात दोन्ही गरजा एकाच तासात सांभाळाव्या लागतात. बाष्पीभवनाचा धडा असेल तर चार नवे शब्द आदल्या दिवशी चित्रांसह द्यायचे, एका वेळी एकच सूचना द्यायची, उत्तर आधी घरच्या भाषेत जुळवू द्यायचं. हे जमायचं तर इंग्रजी शिकवणारे आणि विशेष शिक्षक यांनी धड्याची आखणी एकत्र बसून करायला हवी.