कर्नलमधली मेमरीची चूक: अहवाल अचूक कशाने होतो?

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, एखाद्या ड्रायव्हरने त्याला मिळालेल्या मेमरीच्या हद्दीपलीकडच्या एका बाइटवर लिहिले, तर बहुतेक वेळा लगेच काहीच बिघडत नाही. बिघडते ते नंतर, भलत्याच ठिकाणी. अशा चुका जागच्या जागी पकडणारी केसॅन (KASAN) ही यंत्रणा 2015 साली, लिनक्सच्या 4.0 आवृत्तीत आली. पण दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती पडतो तो तिचा अहवाल, आणि तोच संदिग्ध असेल तर पकडलेली चूकही सुटत नाही.

केसॅन मेमरीच्या दर 8 बाइटमागे 1 बाइट छाया-मेमरीत, म्हणजे वेगळ्या नोंदवहीत, राखते. तिथे 0 असेल तर आठही बाइट वापरता येतात; 1 ते 7 असेल तर सुरुवातीचे तेवढेच. तिथे एफसी हा आकडा असेल तर ती वस्तूभोवतीची, म्हणजे वाटून दिलेल्या मेमरीच्या तुकड्याभोवतीची, निषिद्ध पट्टी, एफबी म्हणजे परत केलेली जागा.

समजा, केमॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे 123 बाइट मागितले. जागा मिळते 128 बाइटच्या कप्प्यात. छायेत 15 शून्ये आणि मग 3 अशी नोंद होते, त्यामुळे 124व्या बाइटवर लिहिताच चूक सापडते. पूर्वी अहवाल सांगायचा, की हा पत्ता 128 बाइटच्या भागात 123 बाइट आत आहे. आत आहे, तर हद्द ओलांडली कुठे? 2023 मध्ये हे सुधारले. आता अहवाल तयार करताना छायेतले बाइट सुरुवातीपासून मोजले जातात: प्रत्येक शून्याचे 8, शेवटच्या अपुऱ्या गटाचे 3, एकूण 123. मग मजकूर येतो: वाटप केलेल्या 123 बाइटच्या भागाच्या उजवीकडे 0 बाइट. म्हणजे अगदी लगतचा बाइट. असे दिसले की आधी लूपची अट पाहावी. 'पेक्षा कमी'च्या जागी 'कमी किंवा समान' पडलेले असण्याची शक्यता मोठी. या सुधारणेला जादा मेमरी लागली नाही, माहिती छायेत आधीपासून होतीच! वस्तू परत केल्यावर मात्र तिथे एफबी लिहिले जाते, मूळ आकार पुसला जातो आणि अहवालात पुन्हा 128 दिसतात.

परत केलेली जागा वापरण्याची चूक जास्त अवघड. जिथे ती पकडली जाते ते फंक्शन पुष्कळदा निर्दोष असते. म्हणून जागा कोणी घेतली आणि कोणी सोडली, हे दाखवणारे दोन्ही स्टॅक, म्हणजे तिथवर पोचवणाऱ्या फंक्शनांच्या याद्या, अहवालात छापल्या जातात. सोडलेली वस्तू काही काळ विलगीकरणात ठेवतात. ती लगेच दुसऱ्याला दिली, तर जुना पॉइंटर (जपून ठेवलेला पत्ता) वैध जागेवरच पोचतो आणि चूक निसटते. आरसीयूमार्फत, म्हणजे विनंती घेऊन जागा नंतर सोडणाऱ्या यंत्रणेमार्फत, जागा सोडली असेल, तर सोडणाऱ्या स्टॅकमध्ये फक्त आरसीयूचीच फंक्शने दिसतात. 2020 पासून वस्तूसाठी आरसीयूला केलेल्या शेवटच्या दोन विनंत्यांचे स्टॅकही नोंदले जातात, त्यामुळे विनंती करणारा कोड सापडतो.

कर्नल डीबग माहितीसह बांधावे, म्हणजे डीकोड-स्टॅकट्रेस स्क्रिप्ट अहवालातल्या पत्त्यांवरून मूळ कोडमधल्या ओळी काढून देते. केसॅन एरवी पहिलीच चूक छापते. मल्टी-शॉट पर्याय चालू केला तर पुढच्याही येतात, पण त्यांतल्या कित्येक पहिल्या चुकीनेच बिघडलेल्या मेमरीमुळे आलेल्या असू शकतात.