एक सुलट, एक उलट: रिब की मॉस?

स्वेटरच्या खालच्या पट्टीसाठी 24 टाके घातले आणि प्रत्येक ओळ ‘एक सुलट, एक उलट’ अशी विणत गेलं, तर उभ्या रेघांची रिब तयार होते. सुई तीच, लोकर तीच, वाक्यही तेच. फक्त टाके 25 घातले, तर रेघा कुठेच दिसत नाहीत. ज्वारीचे दाणे पसरावेत तसं खडबडीत कापड येतं. हे मॉस. पट्टी घट्ट बसायला हवी होती आणि ती सैल पसरली, या तक्रारीमागे पुष्कळदा हा एक टाका असतो.

कारण समजायचं तर टाका पाहायला शिकावं लागतं. सुलट टाका समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, उलट टाका आडव्या मण्यासारखा. पण हे दोन वेगळे टाके नाहीतच. समोरून जो सुलट, तोच मागून उलट. ओळ संपवून विणकाम फिरवलं की डोळ्यासमोर मागची बाजू येते.

आता 24 टाक्यांची ओळ घ्या. सुरुवात सुलट, शेवट उलट. फिरवल्यावर तो शेवटचा उलट टाका व्ही होऊन समोर येतो. नवी ओळ सुलटनेच सुरू करायची आहे, म्हणजे व्हीवर व्ही बसला. ओळीत पुढेही तसंच, म्हणून रेघ उभी राहते. 25 टाक्यांच्या ओळीत शेवटचा टाकाही सुलट. फिरवल्यावर तो मणी दिसतो आणि आपण त्याच्यावर सुलट विणतो. मण्यावर व्ही, व्हीवर मणी: बुद्धिबळाच्या पटासारखी अदलाबदल होत जाते.

याचा अर्थ विषम टाक्यांवर रिब होतच नाही असा नाही. 25 टाके असतील तर पहिली ओळ सुलटने सुरू करून सुलटने संपवायची, दुसरी उलटने सुरू करून उलटने संपवायची. सम टाक्यांवर मॉस हवं असेल तर दुसरी ओळ ‘एक उलट, एक सुलट’ अशी. पण ओळी मोजत बसण्यापेक्षा डोळ्यांवर विसंबणं बरं. रिब विणताना समोर जे दिसतं तेच विणायचं, मॉस विणताना त्याच्या विरुद्ध. एवढं जमलं की मध्येच दाराची बेल वाजली तरी चालते. परत येऊन सुईवरच्या टाक्याकडे पाहिलं की पुढचा टाका कोणता ते कळतं.

दोघांची गल्लत होण्यासारखीच आहे म्हणा. दोन्ही विणी पुढून-मागून सारख्या दिसतात, आणि दोन्हींच्या कडा साध्या सुलट-उलट ओळींच्या कापडासारख्या गुंडाळत नाहीत. पण अंगावर घातल्यावर त्या अगदी निराळ्या वागतात. रिबमध्ये सुलट रेघा वर उचलल्या जातात, उलट रेघा मागे दबतात आणि कापड चुण्यांच्या झालरीसारखं आत मिटतं. ओढलं की उघडतं, सोडलं की परत मिटतं. म्हणून मनगट, गळा, कंबर, टोपीची कड इथे रिबच हवी. मॉसमध्ये प्रत्येक व्हीच्या वर-खाली, डावी-उजवीकडे मणी असल्यामुळे सलग रेघ कुठेच बनत नाही आणि कापड सपाट पडून राहतं. बटणपट्टी, मफलर, बाळाचं ब्लँकेट यांना ते छान. मोज्याच्या तोंडाला मॉस घातलं तर मोजा घोट्यावर उतरणारच.

मापातही फरक पडतो. मॉस साध्या विणीपेक्षा रुंद पसरतं आणि उंचीला कमी भरतं, त्यामुळे टाके तेवढेच ठेवून बटणपट्टी मॉसची केली तर ती झालरीसारखी लाटा मारते. रिबसाठी स्वेटरच्या अंगापेक्षा, म्हणजे मुख्य भागापेक्षा, दोन नंबर बारीक सुया घेण्याची पद्धत आहे: अंग 9 नंबरवर म्हणजे 3.75 मिमी, तर पट्टी 11 नंबरवर, 3 मिमी. आपल्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबर नेमके उलटे चालतात. आपली 8 नंबरची सुई 4 मिमी, त्यांची 5 मिमी. नावांचाही घोळ आहेच. ब्रिटिश पॅटर्नमधलं मॉस म्हणजे अमेरिकन सीड, आणि अमेरिकन मॉसमध्ये टाक्यांची अदलाबदल दर ओळीला न होता दर दोन ओळींनी होते.

सगळ्यात फसवी चूक लोकरीच्या जागेची. सुलट विणताना लोकर मागे हवी, उलट विणताना पुढे, आणि ती न्यायची दोन सुयांच्या मधून. उलटनंतर लोकर मागे न नेता तशीच सुलट विणली, तर सुईवर एक जास्तीचा वेढा पडतो. जाळीच्या विणीत हे मुद्दाम करतात. इथे 24 चे 25 होतात. डोळे मिटून ‘एक सुलट, एक उलट’ चालू ठेवलं तर पुढच्या ओळीत त्या वेढ्याच्या पलीकडचा भाग मॉस होतो, आणि त्यापुढच्या ओळीपासून अख्खी पट्टीच. म्हणजे रिब मध्येच दाणेदार झाली तर आधी टाके मोजा.

पाच-सहा ओळी खाली एकच टाका चुकलेला दिसला तर सगळं उसवायची गरज नाही. त्या टाक्यापर्यंत विणत या, तो सुईवरून सोडा आणि चुकीच्या ओळीपर्यंत शिडीसारखा उतरू द्या. मग क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा फासातून ओढत वर चढवा. रिबमध्ये सुलट रेघ समोर ठेवली की प्रत्येक पायरीला लोकर एकाच बाजूने ओढायची असते. मॉसमध्ये एक पायरी समोरून, एक मागून. दर वेळी शेजारच्या टाक्याकडे पाहून, त्याच्या उलट.

रिबचे टाके बंद करताना सुलटावर सुलट, उलटावर उलट विणूनच बंद करा, आणि त्यासाठी एक-दोन नंबर जाड सुई घ्या. नाहीतर गळ्याची पट्टी मस्त ताणते, पण कड ताणत नाही, आणि पोराचं डोकं त्यातून जात नाही. ॲक्रिलिक लोकर असेल तर पट्टीवर गरम इस्त्री टेकवू नका. उष्णतेने धागा ढिला पडतो आणि रिब परत मिटत नाही.