गुछिनवर नवी रचना बसवताना

गुछिन हे सात तारांचं चिनी वाद्य घरी नेल्यावर पहिल्याच महिन्यात ग्राहकांचा फोन येतो: "सोबत दिलेल्या कागदावर ताल कुठे लिहिलाय?" कुठेच नाही. ती छपाईची चूक नव्हे, या वाद्याची लिपीच तशी आहे.

कागदावरची प्रत्येक चिनी अक्षरासारखी आकृती म्हणजे एक सूचना असते. वरच्या भागात डाव्या हाताचं बोट आणि ते कोणत्या हुइवर ठेवायचं ते असतं. हुइ म्हणजे पटावरचे १३ पांढरे ठिपके. सातवा बरोबर तारेच्या मध्यावर येतो. खालच्या भागात उजव्या हाताचा आघात आणि त्याच्या पोटात तारेचा क्रमांक. पहिली तार सर्वांत जाड आणि तुमच्यापासून सर्वांत दूरची. काय करायचं ते सगळं लिहिलंय. स्वर किती वेळ धरायचा, ते मात्र वाजवणाऱ्यावर सोडलंय. जुन्या लिखितावरून रचना पुन्हा उभी करण्याला चीनमध्ये 'दा-फू' म्हणतात आणि एकेका रचनेवर जाणकारांची वर्षं जातात. तुम्हाला एवढं करायचं नाही, घाबरू नका.

सोबतच्या कागदावरची 'ज्यौ ख्वांग' ही रचना घ्या. नावाचा अर्थ मद्याची धुंदी. ती तिसऱ्या शतकातला कवी र्वान जी याच्या नावावर सांगतात. राजकीय सोयरीक टाळण्यासाठी हा गृहस्थ साठ दिवस दारूच्या नशेत राहिला, अशी त्याची कथा आहे. रचना चीनच्या मिंग घराण्यातला राजपुत्र चू छ्वान याच्या १४२५ च्या संग्रहात आहे. पण आज सगळीकडे ऐकू येते ती विसाव्या शतकात गुछिनवादक याव बिंगयान यांनी बसवलेली तीन मात्रांची चाल. गुछिनच्या संगीतात अशी चाल क्वचितच आढळते. झोकांड्या खात चालणारा माणूस त्या चालीत आपोआप दिसतो.

म्हणून आधी ऐका. एकच वादक निवडा आणि आठवडाभर तेवढंच. आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं असं केलंत तर ताल कधीच बसणार नाही. आमच्याकडे येणाऱ्यांची निम्मी अडचण हीच असते.

मग तारा मिळवा. तिसरी तार पेटीच्या पांढरी चारला, खर्जात. तोच सा धरला तर सात तारा अशा लागतात: प ध सा रे ग प ध. भूप गायलेल्यांना हे कानाला लगेच पटेल.

वाद्य हाती घेण्याआधी चार-पाच आकृत्या तोंडाने म्हणा: बोट, हुइ, आघात, तार. मधलं बोट आपल्याकडे ओढलं की 'गौ', तर्जनी बाहेर ढकलली की 'त्याओ'. उजव्या हाताची करंगळी वापरायची नाही. मग डावा हात नुसता ठेवून पाहा, उजवा नंतर. एका बैठकीत एकच ओळ, हळू. या रचनेत तीच वळणं थोड्या फरकाने परत परत येतात, त्यामुळे पहिलं वळण नीट बसलं की पुढची निम्मी वाट सोपी.

घसरत्या स्वरांना मींडेसारखं समजू नका, असं काही जण सांगतात. आम्ही म्हणू, सुरुवातीला तसंच समजा. फक्त आघात विरत चालला तरी बोट सरकत राहू द्या. विरत्या आवाजातला तो घसारा ऐकण्यातच या वाद्याची मजा आहे. रचनेच्या शेवटी एक दिव्यपुरुष पोटातलं मद्य बाहेर टाकतो, तो आवाज तारांवर काढायचा असतो. तिथे हसू आलं तरी चालेल.

उजव्या हाताची नखं बोटाच्या टोकापुढे दोनेक मिलिमीटर ठेवा. डावा अंगठा नख आणि मांसाच्या सीमेवर टेकतो, तिथे पहिले काही दिवस दुखेल. रक्त येईपर्यंत वाजवू नका.

तार तुटली तर ती स्वतः चढवू नका. ती वाद्याच्या पोटाखालच्या दोन खुंट्यांपैकी एकीभोवती जोर लावून गुंडाळावी लागते आणि हात सटकला तर पटावर ओरखडा पडतो. वाद्य दुकानात घेऊन या, तार तुमच्यासमोरच बसवून देऊ.